मदर पर्लीचा चेहरा

रविवारची उपासना संपली की माउंट नेबो चर्चच्या मागच्या दालनात तळलेल्या कोंबडीचा वास दरवळायचा, आणि वर झालेल्या स्तवनाइतकाच तोही देवाला पोचत असणार, अशी तिथल्या सगळ्यांची मनोमन खात्री होती. एप्रिलमधल्या त्या रविवारी मात्र कोंबडी ताटांत तशीच निवून गेली. सगळी मंडळी लांबलचक टेबलाच्या एका टोकाशी दाटीवाटीनं उभी होती. तिथं विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचं साप्ताहिक, 'कॅनब्रेक', उघडून ठेवलेलं होतं.

अलाबामातल्या त्या गावात विद्यापीठ टेकडीवर होतं आणि माउंट नेबो टेकडीच्या पायथ्याशी. काळ्या मुलांना टेकडीवर शिकायला घेऊ लागून दहा वर्षंही झाली नव्हती. टेकडीवरच्या वर्तमानपत्रात पायथ्याचा फोटो छापून यायची ही पहिलीच वेळ, आणि तो काढणारी पोरगी घरची! ओरेथा स्टॅलवर्थ, याच चर्चच्या बाकांवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पेंगत मोठी झालेली. आता दुसऱ्या वर्षाला होती. 'कॅनब्रेक'च्या कचेरीत तिच्या रंगाचं दुसरं कुणी नव्हतं, आणि म्हणून गळ्यात कॅमेरा अडकवून ती टेकडी उतरली की गल्लीतली माणसं ओट्यावरून उठून उभी राहायची.

ओरेथानं अंक गुरुवारीच पाहिला होता. रविवारपर्यंत तिची एकच प्रार्थना चालली होती, की देवा, हा अंक खाली कुणाच्या हाती लागू देऊ नकोस. पण देवाच्या आधी सिस्टर हेटी उठली होती. गायकवृंदात सगळ्यांत पुढं उभी राहून सगळ्यांत मोठ्यानं गाणारी ही बाई सकाळीच टेकडी चढून काखेत मावतील तेवढे अंक घेऊन आली होती.

"सरका, सरका, मदर पर्लींना येऊ द्या!" हेटीनं वाट काढली.

मदर पर्ली गेन्स आल्या. माउंट नेबोच्या वडीलधाऱ्या बायकांना सगळे 'मदर' म्हणत, आणि त्यांतही मदर पर्लींचा मान पहिला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी या सगळ्या मदर पांढरी टोपी, पांढरा झगा आणि पांढरे हातमोजे घालून पहिल्या बाकावर ओळीनं बसत. एरवी मदर पर्ली टेकडीवरच्या विद्यापीठाच्या लाँड्रीत कामाला असत. चाळीसेक वर्षं टेकडीवरच्या पोरांच्या चादरी आणि शर्ट त्यांच्या हातून धुऊन गेले होते. येत्या मे महिन्यात त्या कामावरून सुटणार होत्या. म्हणूनच ओरेथानं त्यांच्यावर चार ओळी लिहिल्या होत्या आणि वर पहिल्या बाकाचा हा फोटो दिला होता.

मदर पर्लींनी फोटो पाहिला. चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला.

"पोरी, यातली मी कुठली?"

ओरेथानं बोट ठेवलं. "ही, मदर. डावीकडून दुसरी."

"ही? बरं झालं सांगितलंस."

फोटोत पाच टोप्या होत्या, पाच झगे होते, मांडीवर ठेवलेले दहा हातमोजे होते. आणि टोपी नि झगा यांच्यामध्ये, जिथं माणूस असायला हवं तिथं, शाईचा एकेक डाग.

गप्प बसणं ही एक गोष्ट देवानं सिस्टर हेटीला शिकवायची राहून गेली होती. "अगं बाई! मला वाटलं, कुणी दोरीवर कपडे वाळत घातलेत!"

दोघं-तिघं हसले, आणि मग हसणं आपोआप थांबलं. मदर पर्लींनी कागदावरच्या झग्यावरून बोट फिरवलं, एखाद्या कपड्याचा पोत पाहावा तसं.

"झगा मात्र छान आलाय. इस्त्रीची घडी न् घडी दिसतेय." मग त्या म्हणाल्या, "जन्मभर तेच केलं. तेवढंच दिसलं."

त्यांनी अंकाची उशीच्या अभ्र्यासारखी नीट चौकोनी घडी घातली आणि ती ओरेथाच्या हातात दिली. "जेवून घे, बेबी. कोंबडी निवली."

त्यांनी रागावून दोन शब्द सुनावले असते तर ओरेथाला बरं वाटलं असतं.

*

'कॅनब्रेक'ची डार्करूम म्हणजे एका जिन्याखालची खोली. लाल दिवा, रसायनाचे तीन ट्रे, फोटो मोठा करायचं यंत्र, आणि मोरीच्या वर भिंतीला चिकटवलेला एक पिवळा पडलेला पुठ्ठा. त्यावर कुणा जुन्या विद्यार्थ्याच्या अक्षरात एकच ओळ होती : 'शर्ट बरोबर, तर फोटो बरोबर.' पांढऱ्या शर्टावर प्रकाश मोजायचं मीटर धरायचं, काटा सांगेल तेवढाच प्रकाश आत घ्यायचा, की शर्टाच्या चुण्या दिसतात आणि बाकी सगळं आपोआप जमतं. ओरेथाला हे संपादक डंकन हॉलिसनं शिकवलं होतं. तो शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, सरळ आणि मेहनती, अंगठ्यावर कायम रसायनाचे पिवळे डाग. त्यालाही कुणीतरी असंच शिकवलं होतं.

सोमवारी ओरेथानं ती फिल्म दिव्यासमोर धरली. झग्यांच्या जागी फिल्मवर उजेडाची गच्च काळी नोंद होती. चेहऱ्यांच्या जागी फिल्म जवळजवळ काचेसारखी कोरी. तिच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं तशी ती खालीच बसली. छापखान्यानं हे चेहरे पुसलेले नव्हते. तिनंच त्यांना आत घेतलं नव्हतं. पांढऱ्या झग्यानं काट्याला सांगितलं, उजेड पुष्कळ आहे, कॅमेऱ्याचं दार लवकर लाव. आणि तिनं मदर पर्ली आत यायच्या आधीच दार लावून घेतलं.

"पुन्हा काढते मी," ती डंकनला म्हणाली.

"ओरेथा, ऐक." डंकननं खुर्ची उलटी फिरवून घेतली. "'कॅनब्रेक'मध्ये भेदभाव नाही. तुला मीच आणलं ना इथं? पण शाई ही शाई आहे. आपला कागद ती पितो. गडद चेहरे छापले की आणखी गडद होतात. त्यात त्या बायका नखशिखान्त पांढऱ्यात. कुणाच्याही हातून असंच झालं असतं."

"म्हणून आपण छापत नाही?"

"शक्यतो टाळतो."

"कधीपासून?"

डंकननं डोकं खाजवलं. "आधीपासूनच असेल. कुणी ठरवून नाही गं. वाईट दिसतं म्हणून. त्यांनाच वाईट वाटू नये म्हणून."

ओरेथा उठली. कपाटातून जुन्या अंकांचे बांधीव गठ्ठे काढून तिनं जमिनीवर बैठक मारली. पानामागून पान उलटत गेली. खेळाडू, नाटकं, मेजवान्या, पदवीदान. मेजवानीच्या फोटोत पाहुण्यांच्या मागं तबक होतं, तबकाखाली पांढरा हातमोजा होता आणि वर डाग होता. फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला पाण्याची बादली घेतलेला एक सदरा होता, वर डाग. किती माणसं या पानांतून कपडे होऊन चालत गेली होती!

मग तिला मागच्या शरदातला कचेरीतल्या सगळ्यांचा फोटो सापडला. पायऱ्यांवर उभी सतरा-अठरा मुलं. डंकनच्या नाकावरचे वांगसुद्धा मोजता येत होते. उजव्या कडेला ती स्वतः. म्हणजे तिचा पिवळा स्वेटर, आणि त्यावर तरंगणारे दात. हा फोटो आईनं चौकट करून घरात लावला होता. त्या वेळी ओरेथा हसून म्हणाली होती, मी सावलीत उभी होते ना.

कुठली सावली? सगळे त्याच पायऱ्यांवर, एकाच उन्हात उभे होते.

तिनं तो गठ्ठा डंकनच्या टेबलावर ठेवला आणि फोटोवर बोट ठेवलं. "हे कोण आहे?"

डंकन पाहत राहिला. त्याची मान आणि कान लाल झाले. मग हलकेच म्हणाला, "शेवटचा अंक मेच्या दुसऱ्या गुरुवारी. आतलं पूर्ण पान देतो. पण सोमवारी संध्याकाळी फोटो माझ्या हातात हवा, आणि त्यात चेहरा हवा. नाहीतर तिथं बेसबॉलचा संघ जाईल. आणि हे बघ, एक सुचवू? त्यांना सांग ना, त्या दिवशी निळा-बिळा काहीतरी घाला म्हणावं. निम्मं काम तिथंच होईल."

सुचवणं काही वाईट नव्हतं. आणि मे महिना उलटला की मदर पर्ली टेकडीवर येणार नव्हत्या. मग टेकडीवरच्या वर्तमानपत्राला त्यांच्याकडं बघायचं कारणही उरणार नव्हतं.

*

मदर पर्ली ओट्यावर झुलत्या खुर्चीत बसून मटार सोलत होत्या. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना त्यांनी लावलेली गुलाबाची झाडं, एक लाल, एक पांढरं. मेच्या दुसऱ्या रविवारी, आयांच्या सणाला, निम्मं माउंट नेबो ही दोन झाडं ओरबाडून न्यायचं. ज्याची आई हयात त्यानं छातीशी लाल फूल लावायचं, ज्याची देवाघरी गेली त्यानं पांढरं.

"ये. हात रिकामे आहेत ना? मग सोलायला लाग," मदर म्हणाल्या.

ओरेथा सोलू लागली. चार शेंगा झाल्यावर तिनं धीर केला. "मदर, मला पुन्हा एकदा फोटो काढू द्याल?"

"काढ की. तुझा डबा, तुझं बोट."

"पण त्या दिवशी तुम्ही... म्हणजे निळा झगा वगैरे घातला तर..."

झुलती खुर्ची थांबली.

"कुणाची अक्कल ही?"

"माझी नाही," ओरेथा म्हणाली, आणि लगेच, "पण विचारायला मीच आले."

"हे बघ, बेबी. त्या टेकडीवरचं पांढरं धुऊन धुऊन माझ्या बोटांची सालं गेली. त्यातलं एक चिरगूटही माझं नव्हतं. महिन्यातून एक रविवार जे पांढरं मी अंगावर घालते, ते माझं. मी घेतलेलं, मी धुतलेलं, देवापुढं उभं राहायला घातलेलं. ते तुझ्या डबड्यासाठी उतरवू?"

"नाही, मदर."

"मग डबड्यालाच सांग, जरा बघायला शिक म्हणावं." खुर्ची पुन्हा हलू लागली. "आणि तोंड पाडून बसू नकोस. माझे काय कमी फोटो आहेत? पेटीत पडलेत. सगळे कोळशाच्या खाणीत काढल्यासारखे."

ओरेथाला हसू आलं. मदरही हसल्या. मग पाटीतले मटार हातानं सारखे करत त्या वेगळ्याच आवाजात बोलू लागल्या.

"माझ्या आईचा तर तेवढाही नाही. फोटोवाला यायचा तो मोठ्या घरांत जायचा. आमच्या गल्लीत कशाला येईल? मी अकरा वर्षांची असताना ती गेली. तिचा आवाज आठवतो मला. हात आठवतात. पिठाचे हात. पण चेहरा गेला. डोळे मिटून आठवायला बसलं की डोक्याचं फडकं दिसतं, खाली झगा दिसतो, आणि मध्ये..."

ओरेथाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"त्या दिवशी तुझा तो फोटो बघितला ना, तेव्हा मला वाटलं, आता माझंही तसंच होणार. ने हे मटार आईला. आणि पहिल्या रविवारी वेळेवर ये."

*

पुढच्या दिवसांत ओरेथानं काट्याशी भांडण मांडलं. पांढऱ्यावर धरायचं मीटर ती आता स्वतःच्या हाताच्या मागच्या बाजूवर धरू लागली. हाताचा रंग मदर पर्लींच्या गालाच्या जवळचा. हात दिसेल तेवढं दार उघडं ठेवायचं, मग पांढऱ्याचं काय व्हायचं ते होवो. आईचे, शेजाऱ्यांचे, आरशातल्या स्वतःचे फोटो काढून तिनं पाहिले. अंगणात जमत होतं. पण माउंट नेबोत उजेड कमी. तिथं एवढा वेळ दार उघडं ठेवलं तर बसलेल्या माणसाचा श्वाससुद्धा फोटो हलवील, आणि उपासनेत मदर पर्ली बसून राहायच्या नव्हत्या. कॅमेऱ्याचा दिवा लखलखवायला चर्चच्या पाळकांची, रेव्हरंड टोलिव्हरांची, सक्त मनाई. "देवाच्या घरात वीज पाडायची ती देवानंच," ते म्हणायचे.

मेचा पहिला रविवार उजाडला. मदर ओळीनं येऊन पहिल्या बाकावर बसल्या, टोप्यांसकट, जणू कबुतरांचा थवा उतरला. ओरेथा बाजूच्या भिंतीला टेकून गुडघ्यावर बसली. माउंट नेबोच्या खिडक्यांना मधाच्या रंगाची काच होती. सारा उजेड पिवळा, जुना, झोपाळू. फक्त पहिल्या बाकाजवळच्या खिडकीत एक काच साधी, पारदर्शक. काळ्यांच्या हक्कांसाठी मोर्चे निघत त्या काळात कुणीतरी तिथं दगड मारला होता आणि तसली रंगीत काच पुन्हा मिळाली नव्हती. त्या एका तुकड्यातून उन्हाचा पांढरा पट्टा आत यायचा. आता तो मध्येच, मोकळ्या फरशीवर पडला होता. ओरेथानं आपल्या हातावर मीटर धरलं. काटा जागचा हललाही नाही.

देवा, तिनं मनात म्हटलं, मला काही करता येत नाही यापुढं.

रेव्हरंड उठले. बुटके, जाड भिंगांचे, खांद्यावर रुमाल. त्यांची सुरुवात नेहमी अशी, की नवख्याला वाटावं, हा माणूस पेरणीबद्दल बोलतोय. कोरडं, संथ, शब्द मोजून. त्या दिवशीची कथा बायबलमधल्या एका दासीची होती. छळाला कंटाळून वाळवंटात पळालेली, पोटात पोर, जवळ पाणी नाही.

"तिच्या मालकाला तिचे हात ठाऊक होते," रेव्हरंड म्हणाले.

"होय," बाकांवरून आवाज आला.

"मालकिणीला तिची पाठ ठाऊक होती."

"सांगा, सांगा!"

"पण मला एक विचारायचंय माउंट नेबोला. घाई नाही मला."

"सावकाश, रेव्हरंड! सावकाश!"

"त्या घरात तिचा चेहरा कुणी पाहिला होता का?"

मागं ऑर्गनवर एकच स्वर उमटला आणि थांबला. मग रेव्हरंड बोलू लागले, ऑर्गन त्यांच्या वाक्याच्या शेवटाला येऊन मिळू लागला, आणि बोलणं कुठं संपलं नि गाणं कुठं सुरू झालं हे कुणालाच सांगता येईना. मुरलेला कीर्तनकार निरूपण करता करता अभंगात शिरतो, तेव्हा श्रोत्यांना उंबरठा लागत नाही, तसंच. रेव्हरंडांचा आवाज चिरत होता, उसळत होता, श्वास घेताना हुंकारत होता. एकच शब्द ते पुन्हा पुन्हा वर फेकत होते : "पाहिलं!" आणि सारं माउंट नेबो तो झेलत होतं : "पाहिलं!"

"वाळवंटात कुणी पाहिलं?"

"त्यानं पाहिलं!"

"आटलेल्या विहिरीशी कुणी पाहिलं?"

"त्यानं पाहिलं!"

"नाव नव्हतं, गाव नव्हतं, आरसा नव्हता..."

"पाहिलं! पाहिलं!"

लाकडी फरशी पायांनी घुमत होती. सिस्टर हेटी रडत होती आणि गात होती आणि दोन्हीत तिचा सूर सुटत नव्हता. ओरेथाच्या लक्षातही आलं नाही, की तिनं कॅमेरा खाली सोडलाय आणि तीही ओरडतेय, पाहिलं, पाहिलं! आपण वर्तमानपत्राकडून आलोय, आपल्याला सोमवारी काही द्यायचंय, हे सारं त्या सुरात वाहून गेलं होतं.

तेव्हा मदर पर्ली उठल्या.

कुणी उठवलं म्हणून नव्हे. दोरीनं वर ओढावं तशा उठल्या, दोन पावलं पुढं आल्या आणि मोकळ्या फरशीवर, त्या साध्या काचेतून येणाऱ्या पांढऱ्या उन्हाच्या पट्ट्यात उभ्या राहिल्या. टोपीची छाया चेहऱ्यावर होती. चेहरा तसाच अंधारात, नेहमीसारखा. मग त्यांनी हात वर घेतले. हातमोजे घातलेले दोन्ही तळवे चेहऱ्याशी आणून उघडले, दान मागणाऱ्यानं ओंजळ धरावी तसे. आणि झग्यावर पडलेलं ऊन, हातमोज्यांवर पडलेलं ऊन, सगळंच्या सगळं उसळून त्यांच्या चेहऱ्यावर गेलं.

ज्या पांढऱ्यानं त्या दिवशी हा चेहरा गिळला होता, तेच पांढरं आता तो खालून उजळत होतं. कपाळाचा तांबूस तपकिरी रंग, गालांवर मधाची झाक, डाव्या डोळ्याखालचा तीळ, ओघळलेल्या आसवाची चकाकती रेघ. एवढे रंग या एका चेहऱ्यात होते! जन्मापासून हा चेहरा तिच्यासमोर होता आणि ती आज पहिल्यांदा पाहत होती. वय त्यावरून गळून पडलं होतं.

मीटर कुठं पडलं ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं कॅमेरा उचलला, गेल्या महिन्याच्या सरावानं बोटांना जेवढं माहीत झालं होतं तेवढं दार उघडलं, आणि मदर पर्लींना आत येऊ दिलं.

*

सोमवारी दुपारी डार्करूममध्ये डंकन तिच्या शेजारी उभा होता. ओरेथानं कोरा कागद ट्रेमधल्या रसायनात सोडला आणि ट्रे हलकेच झुलवू लागली. लाल उजेडात कागद तरंगत होता. काही नाही. अजून काही नाही.

मग कागदाच्या मध्यावर, जणू खोल पाण्यातून कुणी वर यावं तसे, दोन डोळे आले. मागून भुवया, ओठ, तीळ. आसवाची रेघ कोरीच राहिली आणि म्हणून लखलखली. आधी चेहरा आला. झगा, टोपी, हातमोजे अजून नव्हतेच. मदर पर्ली नुसत्या चेहऱ्यानिशी त्या पाण्यात तरंगत होत्या. डंकननं आपसूक डोक्यावरची टोपी काढली.

"झग्याच्या चुण्या गेल्या," तो म्हणाला. सवयच ती. "पांढरं नुसतं पांढरं झालंय."

"तुला चुण्या हव्यात का बाई हवी?"

तो वाकून पाहत होता. "ओरेथा... मी ह्यांना ओळखतो. ह्या लाँड्रीच्या खिडकीत असतात."

"हो."

"चार वर्षं दर शुक्रवारी माझं गाठोडं ह्यांच्या हातून घेतलं मी. 'गुड डे, सर' म्हणायच्या." त्यानं तिळाजवळ बोट नेलं. "डोळ्याखाली तीळ आहे हे मला ठाऊक नव्हतं."

ओरेथाला त्याला टोचून बोलता आलं असतं. पण तीळ तिलाही कालच दिसला होता. तिनं कागद पाण्यातून काढून दोरीला चिमट्यानं लावला.

डंकननं डोळे पुसले, आणि मग त्याच्यातला संपादक जागा झाला. "हा असा दिला तर मार खाईल. आपला कागद शाई पितो. आणखी फिका काढ. इथं बघून 'फारच फिका' वाटेल इतका. छापखान्यात तो बरोबर होईल. थांब, चेहऱ्यावर तू हात आडवा धर, म्हणजे तिथं उजेड कमी लागून तो फिका येईल, यंत्र मी बघतो."

दोघांनी मिळून एकामागून एक सहा प्रती काढल्या. तिचा हात दिव्याखाली चेहऱ्यावरून हलत होता, ऊन लागू नये म्हणून लेकराच्या डोळ्यांवर धरतात तसा. जाताना डंकननं मोरीवरचा पिवळा पुठ्ठा काढला, मागं-पुढं करून पाहिला आणि ओल्या प्रतींखाली ठिबकणारं पाणी झेलायला ठेवून दिला.

*

आयांच्या सणाच्या रविवारी माउंट नेबोच्या दारात सिस्टर हेटी दोन परड्या घेऊन उभी होती. एकीत लाल गुलाब, एकीत पांढरे. या वेळी अंक तिनं आणला नव्हता. "माझ्या हाताला यश नाही बाई," असं सगळ्यांना सांगून झालं होतं. अंक ओरेथाच्या हातात होता, छातीशी धरलेला. पान तिनं आधीच पाहिलं होतं. फोटो टेकडीवरच्यांना पसंत पडला होता, पण टेकडीवरच्यांनी परीक्षा कुठं घ्यायची होती?

मदर पर्ली पायऱ्या चढून आल्या. छातीशी पांढरं फूल, गेली साठ वर्षं लावत आल्या तसं, आपल्याच झाडाचं.

"आण," त्या म्हणाल्या.

ओरेथानं पान उघडून दिलं. अख्ख्या पानभर एक चेहरा, उन्हात धरलेल्या ओंजळीतून उगवल्यासारखा.

मदर पर्लींनी चष्मा काढला नाही, पुसला नाही. नुसत्या पाहत राहिल्या. दारात माणसं साचली. आत ऑर्गन वाजायला लागला तरी कुणी हललं नाही.

"पोरी," त्या शेवटी म्हणाल्या, "ही मी नाही."

ओरेथा पुढं झाली. "मदर, तुम्हीच... तुम्हीच आहात. त्या दिवशी तुम्ही उठून..."

"मी माझा चेहरा रोज आरशात बघते. ही मी नाही." त्यांचं बोट कागदावर, भुवईवरून गालाकडं, गालावरून हनुवटीकडं फार हळू गेलं, पिठाचा हात लागू नये तसं, कागदाला न टेकता. "ही आईची भुवई. ही अशी, एक वर. आणि रडताना ओठ असा..."

ओरेथानं त्यांना दंडाला धरलं. मदर पर्लींनी तिचा हात हलकेच बाजूला केला, छातीवरची टाचणी काढली आणि पांढरं फूल हातात घेतलं.

"हेटी, लाल दे."

"अहो मदर," हेटी गोंधळली, "लाल तर ज्यांची आई..."

"कुणासाठी असतं ते मला शिकवतेस? झाड माझं आहे. दे."

सिस्टर हेटीनं तोंड उघडलं, आणि माउंट नेबोच्या इतिहासात पहिल्यांदाच, काही न बोलता मिटलं. परडीतलं सगळ्यांत टपोरं लाल फूल तिनं निवडलं आणि आपल्या हातांनी मदर पर्लींच्या झग्यावर लावलं. टाचणी दोनदा चुकली.

मदर पर्ली आत गेल्या. पहिल्या बाकावर, आपल्या जागी बसल्या, मांडीवर उघडं पान घेऊन. ओरेथाच्या गळ्यात कॅमेरा होता. तो तिला आठवला, पण तिनं त्याला हात लावला नाही. साध्या काचेतलं ऊन हळूहळू सरकत पहिल्या बाकाकडं येत होतं, आणि ती उभी राहून पाहत होती.